घरामागच्या शेडपर्यंत वीज नेताना: केबलच्या जाडीआधीचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या मागे 35 मीटरवर लोखंडी सांगाड्याचं, पत्र्याचं एक वर्कशॉप उभं केलंय. त्यात चार एलईडी दिवे, एक पंखा, हातातला ग्राइंडर, 2 एचपीचा कॉम्प्रेसर आणि अधूनमधून छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालवायचंय. सध्या घरातल्या एका सॉकेटमधून एक्स्टेन्शन ओढून काम भागतंय. वायरमनचं म्हणणं, "4 एमएमची दोन कोअरची केबल टाकू, शेडपाशी अर्थिंगचा रॉड ठोकू, झालं काम." तुम्हाला विचारायचंय की 4 एमएम (म्हणजे 4 चौरस मिलिमीटर जाडीची तार) पुरेल का, केबल जमिनीतून न्यावी की वरून, आणि पक्की सोय होईपर्यंत एक्स्टेन्शनवर काम केलं तर चालेल का.

तिन्हींची उत्तरं देतो. पण मला खरी काळजी वाटते ती "रॉड ठोकू, झालं काम" या शब्दांची. केबल बारीक पडली तर कॉम्प्रेसर कण्हत सुरू होईल, दिवे क्षणभर मंद होतील. अर्थिंग चुकलं तर आख्खी पत्र्याची शेड जिवंत होईल आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही.

कसं ते बघा. समजा पत्रा बसवताना मारलेला एखादा स्क्रू आतल्या वायरच्या इन्सुलेशनमध्ये घुसला आणि फेज पत्र्याला टेकली. केबल दोन कोअरची, आत फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा, म्हणजे अर्थची तार घरापर्यंत आलेलीच नाही. मग हा करंट परत जाणार कुठून? रॉडमधून मातीत आणि मातीतून पुरवठ्याच्या अर्थिंगपर्यंत. मातीचा रोध काही थोडाथोडका नसतो. बऱ्यापैकी ओलसर, 100 ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत अडीच मीटरचा रॉड पूर्ण ठोकला तरी त्याचा रोध साधारण 40 ओहम येतो. मुरूम किंवा खडक लागला तर तोच आकडा काहीशे ओहमांवर जातो. आता 230 व्होल्टला 40 ने भागा: पावणेसहा अँपिअर. 20 अँपिअरच्या एमसीबीला वाटतं, कुणीतरी मोठी इस्त्री लावली असेल. तो पडणार नाही, एका मिनिटात नाही आणि एका महिन्यातही नाही. दरम्यान पत्र्यावर जवळपास पूर्ण फेजचा दाब असतो आणि तासाला सव्वा-दीड युनिट वीज माती तापवण्यात जाते. वाढलेलं बिल हीच काय ती सूचना.

हे पुस्तकी उदाहरण वाटू नये म्हणून सांगतो. एका शेडवर मला बोलावलं होतं ते "पावसात दार उघडताना हाताला मुंग्या येतात" या तक्रारीवरून. मालकाला वाटत होतं, दमटपणामुळे असेल. मीटर लावला तर दाराची चौकट आणि दोन पावलांवरची ओली जमीन यांच्यात 100 च्या वर व्होल्ट. रबरी तळाचे बूट आणि कोरडी फरशी होती म्हणून प्रकरण मुंग्यांवर निभावलं होतं. रॉड नवाकोरा, तांब्याचा मुलामा असलेला, नीट ठोकलेला. त्याच्यात खोट काहीच नव्हती. त्याच्याकडून जे काम अपेक्षित होतं ते त्याचं नव्हतंच.

इथे बल्बच्या चाचणीबद्दलही बोलून घेऊ, कारण तुमचा वायरमन काम झाल्यावर बहुधा तीच करून दाखवेल. 100 वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावायचा, तो लख्ख पेटला की "अर्थिंग एक नंबर". त्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध आहे सुमारे 530 ओहम. त्याच्यापुढे रॉडचे 50 ओहम असले तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणजे बल्ब एवढंच सांगतो की वाट पूर्ण तुटलेली नाही. दोष झाल्यावर त्या वाटेने एमसीबी पडण्याइतका करंट वाहील का, हे तो सांगू शकत नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, केबल तीन कोअरची घ्या: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. अर्थची तार घराच्या मुख्य अर्थ पट्टीपासून शेडच्या डीबीपर्यंत (एमसीबी बसवलेल्या पेटीपर्यंत) सलग गेली पाहिजे. वीज पुरवणाऱ्या कंपनीने घराला धातूच्या वाटेने अर्थ दिलेला असेल, म्हणजे पुरवठ्याच्या केबलमधूनच तो आलेला असेल, तर दोषाचा करंट तारेतून जातो, मातीत शिरतच नाही. 6 एमएमच्या तांब्याच्या फेज आणि अर्थ या दोन तारांचा 35 मीटरच्या फेऱ्यात रोध सुमारे 0.26 ओहम. त्यात पुरवठ्याकडचा रोध मिळवला तरी करंट शेकडो अँपिअर होतो आणि एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. 40 ओहम आणि अर्धा ओहम, एवढ्या फरकावर सगळं अवलंबून आहे.

पण अनेक घरांचा अर्थ असा कंपनीकडून येत नाही. घरापाशीच रॉड किंवा मीठ-कोळशाचा खड्डा असतो. तिथे तार कितीही जाड नेली तरी शेवटी करंट मातीतूनच जाणार. अशा ठिकाणी एमसीबीच्या भरवशावर राहताच येत नाही, तिथे आरसीसीबी हवाच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो आणि 30 मिलीअँपिअरची तफावत दिसली की तोडतो. 40 ओहमच्या रॉडमधून पावणेसहा अँपिअर, म्हणजे 5750 मिलीअँपिअर जाणार असतील तर आरसीसीबीला ते प्रचंड वाटतात. रॉड 400 ओहमचा असला तरी तो पडेल. म्हणून, पुढे येणारा एक अपवाद सोडला तर, घराचा अर्थ या दोनपैकी कुठल्या पद्धतीचा आहे याने फरक पडत नाही. दोन्ही प्रकारांत अर्थची तार नेतो आणि शेडमध्ये 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवतो. वेल्डिंग मशीनसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं असतील तर 'ए' प्रकारचा घ्या. साधा 'एसी' प्रकारचा आरसीसीबी फक्त एकाच बाजूने धडकणाऱ्या, डीसीसारख्या करंटला नीट ओळखत नाही.

शेडपाशी रॉड ठोकायचाच नाही का? ठोका, पण तारेच्या जोडीला. केबलमधली अर्थची तार कधी तुटली तर तो आधार राहतो, आणि शेडचा सांगाडा व आसपासची जमीन यांच्यातला फरक थोडा कमी होतो. डीबीतल्या अर्थ पट्टीला तीन गोष्टी जोडा: केबलची अर्थ तार, रॉडची तार आणि शेडच्या लोखंडी सांगाड्याची तार. पाण्याचा धातूचा पाइप शेडमध्ये येत असेल तर तोही. एक अपवाद मात्र आहे. काही पुरवठ्यांत कंपनी न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून आणते आणि घराच्या मीटरपाशी वेगळे करते. तिथे बाहेरची न्यूट्रल तुटली तर घराच्या अर्थवरच दाब चढू शकतो आणि तो तुमच्या तारेतून शेडच्या पत्र्यावर पोहोचतो. घरात सगळं धातूकाम एकमेकांशी जोडलेलं असल्याने फारसं जाणवत नाही, पण उघड्या जमिनीवर उभं राहून पत्र्याला हात लावणाऱ्याला जाणवेल. अशा पुरवठ्यावर लोखंडी शेडला घरचा अर्थ न देता स्वतंत्र रॉड आणि आरसीसीबी हीच पद्धत योग्य ठरते. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते मीटरच्या पेटीत बघून परवानाधारक इलेक्ट्रिशियन सांगेल. हा निर्णय त्याच्यावर सोडा.

न्यूट्रल आणि अर्थ शेडच्या डीबीत एकमेकांना जोडू नका, कधीच. "दोन्ही शेवटी एकच ना," असं म्हणून जोडणारे भेटतात. जोडल्यावर रोजचा परतीचा करंट वाटला जाऊन काही भाग अर्थच्या तारेतून, सांगाड्यातून, पाइपातून वाहू लागतो. आणि ज्या दिवशी केबलची न्यूट्रल सैल होईल त्या दिवशी सगळाच्या सगळा. याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रलची तार तुटली म्हणून रॉडलाच न्यूट्रल करणं. बल्ब पेटतो, म्हणून लोक खूश होतात. त्या रॉडला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू मग उपकरण चालू असताना धक्का द्यायला तयार असते.

आता आरसीसीबी नेमका कुठे बसवायचा. घराला आधीच एक 30 मिलीअँपिअरचा असेल आणि त्याच्या पुढून शेडची लाइन घेतली, तर शेडमधल्या ओल्या ग्राइंडरमुळे घरातला फ्रिज बंद पडेल. दोन सारखे आरसीसीबी ओळीने असले की कोण आधी पडेल याचा नेम नसतो. म्हणून शेडची लाइन घराच्या आरसीसीबीच्या आधीच, मुख्य स्विचनंतर लगेच स्वतःच्या डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) एमसीबीवर घ्या. घराचा अर्थ मातीतून असेल तर या टोकाला 100 मिलीअँपिअरचा, वेळ लावून पडणारा 'एस' प्रकारचा आरसीसीबी हवा. मधल्या केबलला दोष झाला तर तो पडेल. शेडमध्ये झाला तर तो थांबून शेडच्या 30 वाल्याला आधी पडू देईल.

शेडच्या डीबीत आल्याबरोबर डबल पोल आयसोलेटर, म्हणजे सगळी वीज हाताने तोडायचा स्विच. त्यानंतर आरसीसीबी, मग एमसीबी: सॉकेटना 16 अँपिअर, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगच्या सॉकेटना प्रत्येकी वेगळा, 'सी' कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीचा क्षणिक जादा करंट सोसणारा. आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रलची पट्टी स्वतंत्र ठेवा. एखादी न्यूट्रल चुकून आधीच्या पट्टीला लागली तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि वैतागून लोक त्यालाच बायपास करतात. सगळ्यात धोकादायक डीबी मी पाहिली ती अशीच "आरसीसीबी खराब होता, काढून टाकला" म्हणून.

दिवे मात्र सॉकेटच्या आरसीसीबीवर ठेवू नका, ही माझी जुनी खोड समजा. ग्राइंडर 11,000 आरपीएमला फिरतोय, त्याची वायर कापली गेली, आरसीसीबी पडला. वीज गेली तरी चकती काही सेकंद फिरत राहते, आणि त्याच सेकंदांत अंधार. दिव्यांना आयसोलेटरनंतर छोटा, 6 अँपिअरचा स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच तुकड्यात) द्या. जागा आणि खर्च थोडाच वाढतो.

आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण. महिन्या-दोन महिन्यांनी दाबायचंच, त्याने आतली यंत्रणा गंजून अडकत नाही. पण ते बटण आतल्या एका रोधकातून मुद्दाम तफावत तयार करतं. अर्थची तार जोडलेली नसली तरी बटण दाबल्यावर तो पडतो. त्यामुळे "बटण चालतंय" याचा अर्थ "अर्थिंग ठीक आहे" असा घेऊ नका.

जाडीकडे येऊ. आधी भार: दिवे-पंखा मिळून 150 वॉटच्या आत, ग्राइंडर 800-900 वॉट, 2 एचपीचा कॉम्प्रेसर चालताना 10-12 अँपिअर, आणि वेल्डिंग मशीन 100 अँपिअरवर लावलं तर घरच्या लाइनमधून 17 ते 20 अँपिअर ओढतं. तुम्ही एकटे काम करता, म्हणजे ग्राइंडर आणि वेल्डिंग एका वेळी होणार नाही. पण कॉम्प्रेसर स्वतःच्या मर्जीने सुरू होतो. म्हणून 32 अँपिअरची लाइन धरा. त्याआधी घराचा मुख्य स्विच, मीटर आणि मंजूर भार हे 32 अँपिअर जास्तीचे सोसतील का, हे बघणं आलं. घरात एसी आणि गीझर चालू असताना शेडमध्ये वेल्डिंग केलं तर काय होईल, हा हिशोब कागदावर करा, प्रत्यक्षात करू नका.

35 मीटरसाठी जाडी करंटपेक्षा व्होल्टेज ड्रॉपवर, म्हणजे केबलमध्येच होणाऱ्या व्होल्टेजच्या घटीवर ठरते. हिशोब सोपा आहे: लांबीची दुप्पट, गुणिले करंट, गुणिले 0.0225, भागिले तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. 0.0225 हा आकडा काम करताना तापलेल्या तांब्याचा. थंड तांब्याचा 0.0172 आहे. 20 अँपिअरला 2.5 एमएममध्ये 12.6 व्होल्ट पडतात, 4 मध्ये 7.9, 6 मध्ये सव्वापाच, 10 मध्ये 3.15. साधारण शिफारस अशी की दिव्यांसाठी 3 टक्के आणि इतर भारासाठी 5 टक्क्यांच्या वर ड्रॉप जाऊ नये. 230 वर ते 6.9 आणि 11.5 व्होल्ट होतात. त्या हिशोबाने 20 अँपिअरला 4 एमएम काठावर बसते. तुमचा वायरमन अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

तो विसरला कॉम्प्रेसरला. मोटर सुरू होताना चालण्याच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे तुमची 60 अँपिअरच्या आसपास. 4 एमएममध्ये त्या क्षणी 23-24 व्होल्ट पडतात आणि मोटरला 206 मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दहा टक्के व्होल्टेज गेलं की जोर वीस टक्के जातो. टाकीत हवा भरलेली असताना कॉम्प्रेसरला सुरुवातीलाच जोर हवा असतो. तो मिळाला नाही की मोटर गुरगुरत राहते, करंट वरच राहतो, वाइंडिंग तापतं. मग कपॅसिटर बदला, मोटर भरून आणा, आणि दोष नेहमी कॉम्प्रेसर कंपनीला. घराचं व्होल्टेज मुळातच 210 येत असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. 6 एमएममध्ये हीच घट पावणेसोळा व्होल्ट, 10 मध्ये साडेनऊ.

तेव्हा 6 एमएम तांबं ही तुमच्यासाठी किमान जाडी. मी तुमच्या जागी 10 टाकेन. चर एकदाच खणायचा असतो, आणि वर्कशॉपमधली यंत्रं वाढतात, कमी झालेली मी तरी पाहिली नाहीत. ॲल्युमिनियमची आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली) केबल स्वस्त पडते, पण तांब्याच्या दीडपटीहून जरा जास्त जाडी घ्यावी लागते, म्हणजे 10 ऐवजी 16. शिवाय ॲल्युमिनियम हवेत क्षणात ऑक्साइडचा थर धरतं आणि स्क्रूखाली हळूहळू दबत जातं. योग्य लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी), जॉइंटचं पेस्ट आणि नीट क्रिम्प (लग दाबून बसवणं) असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. तारेचे केस पिळून एमसीबीत खुपसले तर दोन-तीन उन्हाळ्यांत टर्मिनल काळं पडतं.

जमिनीतून की वरून? मधून गाडी जात नसेल, झाडं नसतील आणि चर खणायला खडक आडवा येत असेल तर वरून नेता येते. मग केबल स्वतःच्या वजनावर लोंबकळता कामा नये; वरून जीआय तार ताणायची आणि केबल तिला दर अर्ध्या मीटरला बांधायची. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत भिंतीच्या भोकात न जाता झोळाच्या तळातून गळून पडेल. उन्हाला टिकणारं काळं आवरण हवं. पांढरी घरगुती फ्लॅट वायर दोन वर्षांत तडकते.

तरी शक्य असेल तर जमिनीतून न्या. पत्र्याच्या उंच शेडच्या आसपास शिडी, पाइप, सळ्या उचलल्या जातातच, आणि वरची केबल नेमकी तिथेच असते. चर किमान 60 सेंमी खोल, वाहनाखाली 75. तुमच्या भागाचा नियम याहून खोल सांगत असेल तर तो पाळा. तळातले टोकदार दगड काढा, चार बोटं चाळलेली वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटा किंवा फरशीचे तुकडे आडवे, मग माती. अर्धा चर भरला की लाल-पिवळी इशारापट्टी अंथरा. विटा कुदळीला अडवतात, पट्टी कुदळीवाल्याला. फुलझाड लावणारा माळी केबल आहे हे जाणत नसतो, आणि पाच वर्षांनी तुम्हीही जाणत नसता.

केबल आर्मर्ड घ्या. पीव्हीसीच्या साध्या पाइपातून घरगुती वायर ओढून पुरणारे पुष्कळ आहेत, पण पाइपात पाणी साचतंच, हवेतला ओलावा थंड होऊन आतच ठिबकतो, आणि घरगुती वायरचं इन्सुलेशन कायम पाण्यात राहण्यासाठी बनवलेलं नसतं. उंदीर आणि वाळवी यांचा बंदोबस्तही लोखंडी आर्मरच करतो. दोन्ही टोकांना योग्य मापाचा ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारं धातूचं बूच) लावून आर्मर अर्थला जोडा. मात्र आर्मरलाच एकमेव अर्थ तार समजू नका. लोखंडाचा रोध तांब्याच्या कैक पट असतो आणि ग्लँड सैल झाला की तीही वाट जाते. म्हणून तिसरा कोअर. वळणं मोठ्या गोलाईची ठेवा, केबलच्या व्यासाच्या बारा पट तरी. मध्ये सांधा नको, 35 मीटरला तर नकोच. मोजून, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जास्त धरून एक तुकडा आणा.

चर उघडा आहे तोवर त्यात एक रिकामा पाइप, आत नायलॉनची दोरी सोडून, टाकून ठेवा. उद्या कॅमेऱ्याची किंवा इंटरनेटची तार लागली तर पुन्हा खणायला नको. ती तार वीजेच्या केबलपासून वीतभर लांब ठेवा. इंटरनेटसाठी तांब्याच्या तारेऐवजी फायबर उत्तम, कारण दोन इमारतींच्या मध्ये वीज कोसळली की तांब्याची तार आधी राउटर घेऊन जाते.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत, पण अशा कामांत हमखास निघतात. शेडमध्ये जनरेटर किंवा इन्व्हर्टर ठेवून तीच केबल उलटी वापरून घराला वीज देण्याचा मोह होतो. मध्ये चेंजओव्हर स्विच (कंपनीची वीज किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) नसेल तर ती वीज मीटरमधून मागे खांबावर जाते, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस तिथे असतो. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर कुणी बनवून दिली तर ती कापून टाका. शेडच्या जागी गोठा असेल तर प्रकरण आणखी नाजूक होतं. जनावराचे चारही खूर ओल्या जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या व्होल्टेजला गाय पाणी प्यायचं सोडते. तिथे फरशीतल्या सळ्या, गव्हाणीचे पाइप आणि खांब सगळे एकत्र जोडून अर्थ करतात, आणि ते काम फरशी ओतायच्या आधी करायचं असतं. आणि शेडमध्ये नुसता एखादा दिवाच हवा असेल तर एवढा खटाटोप करूच नका. 10 वॉटचा दिवा रोज चार तास म्हणजे 40 वॉट-तास. 12 व्होल्टची 7 अँपिअर-तासाची बॅटरी आणि छोटं सोलर पॅनल त्याला पुरतं.

जोडणी झाली की वीज सोडण्याआधी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावून घ्या: 500 व्होल्टवर, सगळ्या कोअर एकमेकांत आणि अर्थशी. नव्या केबलला शेकडो मेगओहम यायला हवेत. 1 मेगओहमच्या आसपास आला तर आकडा नियमात बसत असला तरी कुठेतरी पाणी किंवा खिळा आहे. हे मेगर चर बुजवण्याआधी एकदा आणि बुजवल्यावर एकदा करा. पहिल्यात चांगला आणि दुसऱ्यात वाईट आला तर दोष फावड्याचा. मग अर्थ तारेची सलगता, लूप इम्पिडन्स (दोषाच्या करंटच्या पूर्ण वाटेचा रोध) आणि आरसीसीबी किती मिलीसेकंदात पडतो, हे मीटरवर. इलेक्ट्रिशियनकडे लूप टेस्टर नसेल तर दुसरा बोलवा. मोजलेले आकडे डीबीच्या दारात कागदावर लिहून चिकटवा, आणि उघड्या चराचे, भिंतीपासूनचं अंतर टेपने दाखवणारे फोटो काढून ठेवा. खणणं, वाळू, विटा, पाइप हे काम तुम्ही स्वतः करायला हरकत नाही. दोन्ही टोकांची जोडणी आणि चाचणी परवानाधारकाची.

राहिलं एक्स्टेन्शन. तोवर वापरायचंच असेल तर घराच्या सॉकेटपाशी लावायचा पोर्टेबल आरसीडी (आरसीसीबीचंच काम करणारा प्लग) आणा. शेडच्या टोकाला लावलात तर मधली 35 मीटर वायर संरक्षणाबाहेर राहील. तीन पिनांची, अर्थ असलेली, किमान 2.5 एमएमची रबरी वायर घ्या, आणि रीलवर असेल तर शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडा. गुंडाळलेल्या रीलला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. सोडलेली असताना जी 3 किलोवॉट सोसते तीच गुंडाळलेली असताना 1 किलोवॉटला तापून आतल्या आत चिकटते. सॉकेट आणि प्लग जमिनीवर ठेवू नका, पत्र्याच्या दाराखालून वायर नेऊ नका. दिवा, पंखा, ग्राइंडर एवढंच त्यावर. कॉम्प्रेसर घराजवळ आणून हवेचा पाइप लांब न्या. हवेला व्होल्टेज ड्रॉप लागत नाही. वेल्डिंग मात्र नवी केबल येईपर्यंत थांबू द्या.